बरीच वर्षं घरी असलेल्या माणसाला कामावर घेतलं, तर सरकार मालकाला नेमकं काय देतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत तुमचं शीट मेटलचं युनिट आहे, पीएफच्या यादीवर २८ माणसं आहेत. नव्या ऑर्डरसाठी आणखी तिघं हवेत आणि तिघंही तुमच्या पाहण्यातले आहेत. एक ४४ वर्षांचा प्रेस ऑपरेटर. त्याची कंपनी अडीच वर्षांपूर्वी बंद पडली, तेव्हापासून पक्कं काम नाही. दुसऱ्या एक बाई. त्या पूर्वी एका छोट्या वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला होत्या, मुलं लहान म्हणून सहा वर्षं घरी होत्या. तिसरा फिटर ट्रेडचा आयटीआय झालेला मुलगा, पास होऊन दोन वर्षं रिकामा. अशा लोकांना घेतलं तर सरकार मालकाला पैसे देतं असं तुम्ही ऐकलं आहे, आणि तुमचे सल्लागार म्हणतात, 'तिघांनाही नवीनच दाखवू, सगळे लाभ मिळतील.'

मी पीएफ आणि ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) काम बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे सरळच सांगतो. 'दीर्घकाळ बेरोजगार असलेल्याला काम दिलं' म्हणून मालकाला पैसे देणारी केंद्राची योजना आज आपल्याकडे नाही. पैसे मिळतात ते पीएफच्या यादीतली संख्या वाढवली आणि टिकवली याचे. येणारा माणूस कालपर्यंत शेजारच्या कंपनीत होता की तीन वर्षं घरी बसून होता, याने रकमेत काहीच फरक पडत नाही. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं सोपं आहे. सल्लागाराचं 'नवीन दाखवू' किती घातक आहे, तेही लगेच लक्षात येईल.

सध्या चालू आहे ती प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ ला ती मंजूर केली, तरतूद ९९,४४६ कोटी रुपयांची. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्यांना ती लागू आहे. तिचे दोन भाग आहेत आणि लोक नेमकी तिथेच गल्लत करतात. 'अ' भाग कामगाराचा. जो आयुष्यात पहिल्यांदा पीएफमध्ये येतो आणि ज्याचा पगार महिना एक लाखापर्यंत आहे, त्याला एका महिन्याच्या पीएफ वेतनाएवढी (ज्या रकमेवर पीएफ कापतात तेवढी), पण जास्तीत जास्त १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिने नोकरी झाल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी, आणि त्याआधी आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. हे पैसे थेट त्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, त्यांच्याशी तुमचा काही संबंध नाही. काही मालक नेमणुकीच्या वेळीच 'सरकार तुला पंधरा हजार देणार आहे, म्हणून पगार थोडा कमी धरतो' असं सांगतात. तसं अजिबात करू नका.

'ब' भाग तुमचा. पीएफ वेतन १०,००० पर्यंत असेल तर महिना १,००० पर्यंत, १०,००० च्या वर २०,००० पर्यंत असेल तर २,०००, आणि त्याच्या वर एक लाखापर्यंत असेल तर ३,००० रुपये, प्रत्येक वाढीव माणसामागे. हे दोन वर्षं. उत्पादन क्षेत्र असेल तर तिसरं आणि चौथं वर्षही मिळतं, म्हणजे तुमच्या युनिटला चार वर्षं. 'ब' भागात माणूस पहिल्यांदा पीएफमध्ये आलेला हवा, अशी अट नाही. जुना यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक) असलेला, मध्ये खंड पडलेला माणूसही चालतो. तुमच्या प्रेस ऑपरेटरसाठी हाच दरवाजा आहे, आणि तो सरळ उघडा आहे. मग त्याला नवीन दाखवायचं कशाला?

आता ऑपरेटरचा हिशेब. समजा पगार १८,००० आणि पीएफ १५,००० वर कापता. तुमच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, ईडीएलआय (पीएफसोबतचा आयुर्विमा) अर्धा टक्का, प्रशासकीय खर्च अर्धा टक्का, मिळून १३ टक्के म्हणजे १,९५०. ईएसआयसी ३.२५ टक्क्यांनी १८,००० वर ५८५. दोन्ही मिळून २,५३५ रुपये महिना. सरकारकडून येणार २,०००. म्हणजे त्याला कायदेशीर यादीवर ठेवण्याचा तुमचा जो खर्च, त्यातला बराचसा भाग सरकार उचलतं. त्याचा पगार मात्र सरकार देत नाही. १८,००० वर २,००० म्हणजे अकरा टक्के. ज्याची खरोखर गरज नाही असा माणूस अकरा टक्क्यांसाठी ठेवाल तर तुमचाच तोटा आहे. गरज आहे, तर हे पैसे आपसूक मिळतात, फक्त कागद नीट हवेत.

पहिले सहा महिने एक पैसाही येत नाही, हेही मनात धरा. सहा महिने माणूस टिकला तरच दावा उभा राहतो, आणि पैसे येतात ते पॅनशी जोडलेल्या तुमच्या खात्यात. त्यामुळे खेळत्या भांडवलाचा हिशेब करताना ही रक्कम शून्य धरा.

संख्येची अट नीट समजून घ्या. ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला किमान दोन वाढीव माणसं हवीत, ५० किंवा त्याहून जास्त असतील तर पाच. आणि वाढ मोजली जाते ती आधीच्या संख्येवर, जी पीएफ कार्यालय तुमच्या जुन्या ईसीआरवरून (पीएफ भरताना दर महिन्याला द्यायच्या विवरणावरून) ठरवतं. तुमच्या बाबतीत ही संख्या किती धरली आहे ते पहिल्यांदा तपासा. तुमच्या डोक्यात २८ असतील, पण गेल्या वर्षी सीझनला काही जण जास्त भरले असतील तर आकडा वेगळा निघू शकतो. जुना माणूस गेला आणि त्याच्या जागी नवा आला, तर ती वाढ नाही. तिघांना घेतलंत आणि दरम्यान जुन्यांपैकी एक सोडून गेला, तर निव्वळ वाढ दोन, इथवर ठीक. दुसरा गेला की वाढ एकच उरते, आणि मग हातात काहीच नाही. म्हणून नवे तिघं जितके महत्त्वाचे, तितकेच जुने २८ टिकवणंही महत्त्वाचं.

आयटीआयच्या मुलाबद्दल तुम्ही विचारलंत की त्याला अप्रेंटिस म्हणून घ्यावं का. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, वाटा सरकार उचलतं, आणि अप्रेंटिसला पीएफ-ईएसआयसी लागत नाही. वरवर स्वस्त दिसतं. पण अप्रेंटिस पीएफच्या यादीत येत नाही, म्हणून तुमची वाढ तीनवरून दोनवर येते, अगदी काठावर. त्यानंतर एक जुना कामगार गेला तरी बाकीच्या दोघांचे मिळून महिना चार हजार गेले. तुमच्या ठिकाणी मी असतो तर मुलाला नियमित कामगार म्हणूनच घेतला असता. त्याचा यूएएन नसेल तर तो पहिल्यांदाच येणारा ठरतो, त्याला 'अ' भाग, तुम्हाला 'ब' भाग.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनाही तुमच्या कानावर असेल. जुलै २०२४ ची. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन राज्य सरकार थेट प्रशिक्षणार्थीला देतं. ते प्रशिक्षण आहे, नोकरी नाही, आणि वय १८ ते ३५. ४४ वर्षांच्या माणसाला तिथे जागा नाही. आपल्या बहुतेक योजना तरुणांसाठी आहेत. चाळिशी ओलांडल्यावर ज्याचं काम गेलं, तो या सगळ्या याद्यांतून गळतो, आणि घराचे हप्ते, मुलांची फी नेमकी त्याच्याच डोक्यावर असते. याचं मला फार वाईट वाटतं.

आता 'नवीन दाखवू' या सल्ल्याकडे येतो. बाईंच्या बाबतीत काही दाखवावंच लागणार नाही. त्या ज्या वर्कशॉपमध्ये होत्या तिथे पीएफ कापतच नव्हते, असं तुम्ही लिहिलंय. तसं असेल तर पीएफच्या दृष्टीने त्या खरोखरच पहिल्यांदा येत आहेत. दहा वर्षांचा अनुभव असला तरी कागदावर त्या नव्या. त्यांना १५,००० पर्यंतचा लाभ हक्काने मिळतो. फक्त त्यांच्याकडून जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या मागून एकदा खात्री करा, कारण कधी कधी ठेकेदाराने पीएफ भरलेला असतो आणि कामगाराला पत्ताही नसतो.

ऑपरेटरचं तसं नाही. त्याचा यूएएन आहे आणि तो आधारशी जोडलेला आहे. ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन उमंग अॅपवर चेहरा पडताळूनच काढावा लागतो. तिथे जुना क्रमांक लगेच समोर येतो. समजा एखाद्याने नावाचं स्पेलिंग बदलून किंवा दुसरा मोबाइल वापरून कसातरी दुसरा क्रमांक काढला, तरी पुढे उघड होणारच. पूर्वी प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेत, जिथे २०१६ पासून सरकार नव्या कामगारांचा पेन्शन फंडाचा ८.३३ टक्के हिस्सा आणि १ एप्रिल २०१८ पासून मालकाचा पूर्ण १२ टक्के भरत होतं, तिथे जुनेच कामगार नवीन म्हणून दाखवणाऱ्यांकडून पुढे वसुली झाली.

माझी मोठी काळजी मात्र त्या माणसाची आहे, म्हणून हे नीट वाचा. समजा बंद पडलेल्या कंपनीत त्याने सात वर्षं पीएफ भरला होता. कर्मचारी पेन्शन योजनेत ५८ व्या वर्षी मासिक पेन्शन मिळायला किमान दहा वर्षं पात्र सेवा लागते. सात तिथली आणि तीन तुमच्याकडची, झाली दहा. त्याच जुन्या क्रमांकावर पुढे भरलंत तर तीन वर्षांत तो पेन्शनला पात्र होतो. दुसरा क्रमांक काढून त्याला 'नवीन' केलंत, तर सात वर्षं एका खात्यात अडकतात आणि त्याची मोजणी तुमच्याकडे शून्यापासून सुरू होते. दोन-तीन हजारांच्या लोभापायी त्याच्या म्हातारपणाचं नुकसान. आणि 'ब' भागाचे दोन हजार तुम्हाला जुन्या क्रमांकावरही मिळतच आहेत.

त्याला समोर बसवून तीन गोष्टी विचारा. पहिली, कंपनी बंद पडल्यावर फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढले का? काढले असतील तर ती सात वर्षं गेली, आणि ते त्याला स्पष्ट सांगणं बरं. पैसे न काढता योजना प्रमाणपत्र (झालेल्या सेवेचा दाखला) घेतलं असेल, तर ती वर्षं जोडता येतात. दुसरी, पीएफची सगळी रक्कम काढली का? काढली तरी त्याचा यूएएन मरत नाही आणि तो पुन्हा पहिल्यांदा येणारा ठरत नाही. हा गैरसमज फार पसरलाय. तिसरी, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का? बंद पडलेल्या कंपन्यांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा भरलेलीच नसते. मालक गायब, ऑफिसला कुलूप, आणि पोर्टलवर तो माणूस अजून तिथेच नोकरीत. चांगली गोष्ट म्हणजे शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने झाले असतील तर कामगार स्वतःच यूएएनच्या पोर्टलवर जाऊन ती तारीख टाकू शकतो. फक्त आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. अडीच वर्षं काम नसलेल्या माणसाचा जुना नंबर रिचार्जअभावी बंद पडलेला असतो, ओटीपी येत नाही, आणि सगळं तिथेच अडतं. म्हणून त्याला आधी आधार केंद्रावर पाठवा, मोबाइल अपडेट करून आणायला सांगा. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि पीएफवरचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळतात का, तेही त्याच वेळी पाहून घ्या. हे रुजू होण्याआधी उरकलंत तर पहिल्याच ईसीआरमध्ये तो व्यवस्थित येतो. ईसीआर दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरा. तारीख चुकली की दंडव्याज आहेच.

बरेच लघुउद्योजक विसरतात ती दुसरी सवलत आयकराची, कलम ८०जेजेएए. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू, त्यात कलमाचा क्रमांक वेगळा आहे, पण ओळखतात सगळे जुन्याच नावाने. ज्यांना टॅक्स ऑडिट लागू आहे, त्यांना वाढीव कामगारांच्या पगारखर्चाच्या ३० टक्क्यांएवढी वजावट सलग तीन वर्षं मिळते. पगार तर खर्चात गेलेला असतोच, ही त्यावरची जादा वजावट. अट अशी की माणसाचा पगार महिना २५,००० च्या आत असावा, तो पीएफमध्ये असावा, पगार बँकेतून दिलेला असावा, आणि वर्षात किमान २४० दिवस त्याने काम केलेलं असावं. कपडे, पादत्राणं आणि चामड्याच्या धंद्यात १५० दिवस पुरतात. मागच्या ३१ मार्चला जेवढी माणसं होती त्यापेक्षा संख्या वाढलेली हवी. तुमच्या ऑपरेटरच्या २,१६,००० वार्षिक पगारावर वजावट होते ६४,८००. तीस टक्के कराच्या टप्प्यात असाल तर वर्षाला साडेएकोणीस हजारांच्या आसपास कर वाचतो. 'ब' भागाचे वर्षाचे २४,००० आणि हे जवळजवळ बरोबरीचे आहेत, तरी हे मागायला कुणी जात नाही, कारण पीएफ सल्लागार आणि सीए एकमेकांशी बोलत नाहीत. पगाराचा काही भाग रोखीने देत असाल तर ही वजावट धोक्यात येते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर घेतलेल्या माणसाचे त्या आर्थिक वर्षात २४० दिवस भरत नाहीत. पुढच्या वर्षी भरले तर तो पुढच्या वर्षी नेमलेला धरतात.

दोन्ही एकत्र घेता येतात का? ज्या कामगाराचा पेन्शन हिस्सा सरकारने पूर्ण भरला आहे, त्याला ८०जेजेएएमधून वगळलं आहे. विकसित भारत रोजगार योजनेत सरकार हिस्सा भरत नाही, तुम्हाला रक्कम देतं. म्हणून माझ्या मते अडचण येऊ नये, पण तुमच्या सीएचं मत लेखी घेऊन ठेवा. आणि 'ब' भागातून आलेली रक्कम धंद्याचं उत्पन्न आहे, ती करपात्र धरा.

तुम्ही शेवटी विचारलंत, परदेशात असतं तसं आपल्याकडे का नाही. एकदा होतं. कोविडनंतरच्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत पात्र माणसांचा एक गट असा होता: ज्यांची नोकरी १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२० या काळात गेली आणि सप्टेंबरअखेर ज्यांना पीएफवाली दुसरी नोकरी मिळाली नाही. अशा १५,००० च्या आतल्या पगाराच्या माणसाला घेतलं, तर १,००० पर्यंत कामगार असलेल्या आस्थापनेत सरकार कामगाराचा आणि मालकाचा, दोन्हींचा मिळून २४ टक्के हिस्सा दोन वर्षं भरत होतं. नोकरी गेल्याचा पुरावा कामगाराला कुठूनही आणावा लागत नव्हता, यूएएनच्या नोंदीच पुरत होत्या. ३१ मार्च २०२२ ला नोंदणी थांबली आणि ती दृष्टीही थांबली.

जर्मनीत १ जानेवारी २०१९ पासून किमान दोन वर्षं बेरोजगार असलेल्याला घेणाऱ्या मालकाला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के मिळतात. सात वर्षांतली सहा वर्षं सरकारी भत्त्यावर काढलेल्यासाठी पहिली दोन वर्षं किमान वेतनाएवढी पूर्ण भरपाई असते, मग दरवर्षी दहा-दहा टक्क्यांनी कमी होत पाच वर्षांपर्यंत. शिवाय त्या माणसाला कामात रुळेपर्यंत साथ देणारा मार्गदर्शकही मिळतो. आपले अकरा टक्के आणि त्यांचे पंचाहत्तर यांची तुलना बरोबरीची नाही. तिकडे बेरोजगार म्हणून नोंद असते, भत्ता असतो, त्यामुळे कोण किती दिवस बेकार आहे ते सरकारला माहीत असतं. आपल्याकडे अडीच वर्षं घरी बसणं परवडतं कुणाला? तुमच्या ऑपरेटरनेही मधल्या काळात रिक्षा चालवली असेल, द्राक्षाच्या सीझनला पॅकहाउसमध्ये गेला असेल. कागदावर बेकार, प्रत्यक्षात मिळेल ते करणारा. तरीही पीएफच्या नोंदीतला शेवटच्या भरण्याचा महिना सरकारकडे आहेच. बारा महिन्यांहून जास्त खंड आणि वय चाळीसच्या पुढे, एवढं पाहून 'ब' भागात जादा रक्कम देणं अवघड नाही. ते व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे, आणि लघुउद्योग संघटनांनी निवेदन देताना ही मागणी जरूर घालावी.

राहिला पगार. सल्लागार म्हणतात, अडीच वर्षांचा गॅप आहे, १३ हजारांत येईल. किमान वेतन तर पाळावंच लागेल. त्यापलीकडे, शेजारच्या प्रेसवरच्या माणसाला १८ देत असाल तर यालाही १८ द्या. १३ काय आणि १८ काय, दोन्हीकडे तुम्हाला मिळणारं प्रोत्साहन २,००० च आहे. कमी पगारावर आलेला कुशल ऑपरेटर चौथ्या-पाचव्या महिन्यात सातपूरला दोन हजार जास्त मिळाले की जातो, आणि सहा महिने भरलेले नसल्याने त्याच्यापोटी तुम्हाला काहीच मिळत नाही. नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी द्या, आणि पहिला महिना त्याला जुन्या हाताखाली डाय सेटिंगला बसवा, एवढ्या काळात हात पुन्हा बसतो.